मुलगी किती लांब द्यावी?

आजवर आमच्या घराण्यातल्या मुली पारोळा, धरणगाव, फार तर शिरपूरपर्यंत गेल्या. सकाळच्या एसटीने निघायचं, जावयाकडे जेवायचं आणि दिवेलागणीला घरी, हे आमचं अंतराचं माप. नानांच्या मुलीला स्थळ आलं ते सॅन फ्रान्सिस्कोचं, आणि मी पडलो भूगोलाचा मास्तर. एरवी सोयरिकीच्या बैठकीत मला चहासुद्धा शेवटी मिळतो. या वेळी मात्र शेतातल्या भरीत पार्टीत मला थेट बाजेवर बसवलं.

"बापू, कितलं दूर शे ते?"

"मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे 13,500 किलोमीटर."

मका ओला निघाल्याचं व्यापाऱ्याने सांगावं, तसा नानांचा चेहरा पडला. म्हणून मैलांत सांगितलं, साधारण 8,400. जरा रंग परतला. वैमानिकांचा सागरी मैल 1.852 किलोमीटरचा असतो, त्या हिशोबाने 7,300. नानांचा सारा जन्म बाजार समितीत गेलेला. "आते भावमा ऊनं," म्हणाले, "सात हजारले तोड."

तेवढ्यात एका पुतण्याने मोबाइलवर रस्ता दाखवला. ती रेषा अमेरिकेकडे जायची सोडून मध्य आशिया, रशिया करत उत्तर ध्रुवाच्या अंगाने चढली होती. मोठी माय म्हणाली, "इमान वर काबर जास? समोर जावाले काय व्हयनं?"

सपाट नकाशा गोल पृथ्वीला ताणून बसवलेला असतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलोय. पण वर्गात पोरं निदान झोपतात. इथे सगळे जागे होते. शेवटी भरताचं एक जाडजूड वांगं उचललं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. अलीकडे मुंबई, पलीकडे सॅन फ्रान्सिस्को, मध्ये सुतळी. ताणली की सुतळी आपोआप देठाकडे सरकते, सर्वांत जवळची वाट तीच. (प्रत्यक्षात वारा आणि कुणाचं आकाश बंद आहे ते पाहून विमानं वाट बदलतात, पण ते मी गिळलं.) पटलं एकालाच, तो काड्या पेटवत होता. त्याने उत्तर ध्रुवासकट वांगं जाळावर ठेवलं.

मग घड्याळ निघालं. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्या साडेतेरा तास मागे. नाना ताडकन उठून बसले. साडेतेरा हजार किलोमीटर, साडेतेरा तास! म्हणजे हजाराला एक तास. त्या दराने साडेतीनशे किलोमीटरवरची मुंबई जळगावच्या वीसेक मिनिटं मागे निघाली, आणि गाड्यांना उशीर का होतो याचाही निकाल लागला. हा निव्वळ योगायोग आहे, हे मी तीनदा सांगितलं. कळण्याची भाकरी मोडणाऱ्यांनी ऐकलं नाही.

मोठी मायने मात्र नेमकं विचारलं. जास्तीत जास्त कितलं दूर जाता येस? पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणजे 20,000. त्यापुढे गेलं की माणूस दुसऱ्या बाजूने घराकडेच यायला लागतो.

तिने बोटांवर वजाबाकी केली. "आजून साडेसहा हजार दूर ऱ्हावाले जागा व्हती. पोऱ्या जवळनाच शे!"

स्थळ पक्कं झालं. आता साखरपुडा अमळनेरला की धुळ्याला, यावर दोन्ही घरांचं बिनसलंय. मधलं अंतर जेमतेम 35-40 किलोमीटर, पण एवढ्या लांब पाव्हणे न्यायचे कसे, असं नानांचं म्हणणं.