चिल्लर खुर्दा कोण मोजणार?

अमृततुल्यासमोरच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी पानिपत पेटलं. पेटवलं अर्थातच बंड्यानं. चहा यायच्या आत त्यानं पानिपतच्या पराभवाची खबर देणारा सावकाराचा तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप ऐकवला: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, चिल्लर खुर्दा (म्हणजे साधी माणसं) किती गेला त्याची गणतीच नाही.

"मूळ कागद कुठाय?" नानांनी चष्मा पुसत विचारलं.

"ग्रँट डफनं त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात दिलाय की, १८२६ साली!"

"इंग्रजीत. मी मूळ मराठी कागद म्हणतोय."

नाना इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे पक्के भक्त. मग सुरू झाले. नुसत्या बखरींवर विसंबायचे दिवस राजवाड्यांनी संपवले. १८९८ ला त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तोही १७५० ते १७६१ च्या पत्रांचा, म्हणजे थेट पानिपतपर्यंत. असे २२ खंड. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांचे सरकारी कागद, तेव्हा सहजासहजी बघायला मिळत नसे, म्हणून हा माणूस गावोगावची घरं पालथी घालत फिरला. १९१० ला भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं.

"आणि पत्रांवर सालं तरी धड असायची का?" बंड्या.

मोडी शिकणाऱ्या माधुरीनं वहीच पुढे केली. "हे वाच. इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार."

"११६१?"

"सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. मृग लागला की नवं साल. इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. आता १४ जानेवारीला काय येतं बघ."

बंड्यानं बोटं मोजली. "१७६१! आयला!"

एवढ्यावर थांबली असती तर ती माधुरी कसली. "पण नाना, शोधली ती पत्रं कुणाची? सरदारांची, वकिलांची. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दफ्तरातून ४५ खंड काढले, त्यातही बरंचसं राजकारण आणि मोहिमा. खुर्दा तिथंच पडून राहिला. पुढं फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकानं पेशवाईतलेच कागद वाचून बलुतेदार काय करायचे, जातीच्या भानगडीत सरकार कसं पडायचं, ते लिहिलं."

"म्हणजे आता कुंभाराच्या बलुत्यावर पीएचडी," शिऱ्या करवादला. "लढाई कोण शिकवणार?"

"पानिपतावर फौजेमागं बायका, यात्रेकरू, बुणगे किती होते? त्यांना खायला कोण घालणार होतं? ही लढाई नाही?"

शिऱ्या गप्प. (तो गप्प बसला याची नोंद व्हायला हवी, म्हणून हे लिहितोय.)

मी मध्येच म्हटलं, फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाडीभूषण म्हटलंच होतं. माधुरी म्हणाली, "हो, पण ते विद्यापीठाबाहेर. आत यायला शंभर वर्षं लागली."

नानांना हे पटलं नसावं. पण चहा संपवताना म्हणाले, "खुर्दा मोजा, जरूर मोजा. कागदावर मोजा म्हणजे झालं." मग बंड्याकडे वळून, "आणि सावकाराचं ते पत्र मोडीत कुठं सापडलं, तर रात्री दोनला उठव मला."