घर बंद आढळले

एमएसडब्ल्यू झालात, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलीत, अभिनंदन. मुंबईत या विषयाचं रीतसर शिक्षण १९३६ साली सुरू झालं, तरी शेजारच्या काकू अजून विचारतात, "ते ठीक आहे रे, पण नोकरी काय करतोस?" 'समाजसेवक' ही पदवी तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्यांनी केव्हाच उचलून नेली. तुमच्या वाट्याला उरलं ते नुसतं काम. ते अंगाला लागू न देता वर कसं चढायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

सुरुवात गृहभेटीपासून. वेळ सकाळी अकराची ठेवावी. धुणीभांडी करणारी बाई सातला घर सोडते ती दोन-अडीचला परतते, त्यामुळे अकराला दाराला कुलूप हमखास मिळतं. कुलपाचा जिओटॅगवाला, म्हणजे ठिकाण नोंदलं जाणारा फोटो काढावा, नोंदवहीत 'घर बंद आढळले' लिहावं आणि बाराच्या चहाला ऑफिसात हजर व्हावं. असं तीनदा झालं की 'लाभार्थीचा प्रतिसाद नाही' हा शेरा मारून केस बंद करता येते. संध्याकाळी साडेसातला मात्र चुकूनही जाऊ नये. तेव्हा बाई भाकरी थापत असते, आणि हात गुंतलेले असले की माणूस मोकळं बोलतं. वही न काढता पाटावर दहा मिनिटं बसलात तर नवरा गेल्यापासून रेशनकार्ड दिराच्या ताब्यात आहे हे कळेल. कळलं की काहीतरी करावं लागतं. शिवाय ती चहा करील, आणि घरात दूध पावशेरच आहे हे तुम्हाला दिसेल.

विधवा बाई म्हटली की 'संजय गांधी निराधार' या सरकारी अनुदान योजनेचा अर्ज ठरलेलाच. महिना १,५०० रुपये मिळतात, अट वर्षाला २१,००० रुपयांच्या आत उत्पन्नाची. म्हणजे महिन्याला १,७५०. तीन घरची भांडी घासणारी या अटीत बसत नाही आणि न घासणारी जगत नाही, पण हा प्रश्न तुमच्या पगाराबाहेरचा आहे. तुम्ही फक्त अर्ज भरा. नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि बाईच्या आधारवरचं पतीचं नाव शेजारी ठेवून मात्रा-वेलांटी जुळवत बसू नका. एका ठिकाणी 'ज्ञानोबा', दुसऱ्या ठिकाणी 'ज्ञानदेव' असलं की अर्ज त्रुटीत निघतो. निघू द्या, तोवर तुमचा 'अर्ज दाखल : १' वरच्या ऑफिसला पोचलेला असतो. 'मंजूर' असा रकाना बहुतेक एक्सेलमध्ये नसतोच, आणि 'पैसे हातात पडले' असा तर आजवर कोणी काढलेला नाही.

चुकून मंजूर झालाच तर बँकेची भानगड सांगू नये. आधारशी जोडलेली रक्कम ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडला गेला त्या खात्यात जाते. बाईने मध्यंतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून मोबाइलवर दुसरं खातं उघडलेलं असतं, ते तिला आठवतही नाही. ती जुनं पासबुक घेऊन रांगेत उभी राहते, शिपाई "पैसे आले नाहीत" म्हणतो, आणि पैसे भलतीकडेच साठत राहतात. कोणत्या खात्याला आधार जोडलाय हे आधारच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसतं, म्हणून तर तिकडे जायचं नाही. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याचीही तीच गत. आठवण करू नये. बाई जिवंत आहे हे सिद्ध झालं नाही की तिचे पैसे थांबतात. मग ती तुमच्याकडे परत येते, आणि तुमची 'नवीन केस : १'.

लिखाणाबद्दल थोडक्यात. अडचणीतल्या मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीने मुलाच्या घरच्या परिस्थितीचा, म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल मागितला की कायद्याने १५ दिवस मिळतात. चौदा दिवस जाऊ द्यावेत. पंधराव्या दिवशी मागच्या मुलाची फाईल उघडावी आणि नाव बदलावं. 'कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून घरातील वातावरण मुलाच्या विकासास पोषक नाही' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला चालतं. एकच खबरदारी: तिसऱ्या पानावर 'तो' चा 'ती' करायचा राहतो, आणि समितीतल्या बाई नेमकं तिसरंच पान वाचतात. मूल झोपतं कुठे, आजारी पडलं तर शाळेतून न्यायला कोण येतं, मार बसला की पळून कोणाच्या घरी जातं, हे शेजारीण, वर्गशिक्षिका आणि खुद्द मूल यांना विचारलं तर अहवाल खरा होईल. पण त्याला तीन संध्याकाळी लागतात, आणि तुमच्या संध्याकाळींचं आपण वर ठरवलेलंच आहे.

फोटो मात्र मनापासून काढावेत. मुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की गोपनीयता झाली. खाली शाळेचा बिल्ला आणि मागे किराणा दुकानाची पाटी दिसली तर दिसू दे. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठे पडायला सहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आकड्यांची भीती बाळगू नका. एकच बाई आरोग्य शिबिराला आली, बचतगटात बसली आणि कायद्याच्या व्याख्यानात पेंगली तर ती तीन लाभार्थी. फक्त हजेरीपटावरच्या चाळीसही सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच वळणाच्या नकोत. कंपन्यांना कायद्याने समाजकामावर खर्चावे लागणाऱ्या नफ्यातल्या दोन टक्क्यांचा पाऊस मार्चअखेर पडतो, तेव्हा सतरंज्या आणि बॅनर फेब्रुवारीतच तयार हवेत. बॅनरवर तारीख छापू नये, पुढच्या वर्षी चालतो.

हे जमलं की बढती आपोआप. फिल्ड वर्करचा क्षेत्र समन्वयक होतो, त्याचा प्रकल्प अधिकारी, त्याचा कार्यक्रम व्यवस्थापक. प्रत्येक पायरीला वस्ती एक रिक्षास्टँड लांब जाते. तोवर तुमचा करार ११ महिन्यांचा आणि पगाराचं नाव मानधन, तेव्हा दहाव्या महिन्यात दुसरीकडे अर्ज टाकावा. जाताना कोणाला काहीही सांगून जाऊ नये. कोणाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, कोणत्या बाईला फोन करायचा नाही कारण तो दीर उचलतो, हे सगळं एका पानावर मावतं. ते पान लिहायचं नाही.

म्हणजे तुमच्या जागी आलेली नवी मुलगी कोरी वही घेऊन त्याच दाराशी उभी राहील आणि विचारेल, "ताई, तुमची समस्या काय आहे?" ताईंनी हे उत्तर चार वर्षांत पाच जणांना दिलेलं असतं. सहाव्या खेपेला गल्लीच्या तोंडाशी गळ्यातलं ओळखपत्र दिसलं, की त्या गॅस बारीक करतात, पोराला गप्प बसवतात आणि आतून कडी लावून घेतात.

तेव्हा कुठे नोंदवहीतलं वाक्य खरं ठरतं.