‘थेट मालकाकडून घ्या’ या सल्ल्याचा हिशोब

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सल्ला सतत फिरत असतो: डीलरच्या नादी लागू नका, थेट मालकाकडून घ्या. मधला नफा वाचतो, मालक खरं सांगतो, किलोमीटर कमी असतील तर वर्षभर खर्च निघत नाही, आणि डीलरची वॉरंटी नुसती दाखवायला असते. यातला एकही मुद्दा आहे तसा घेण्यासारखा नाही.

‘मधला नफा वाचतो’

डीलरच्या किमतीत नफा असतोच. पण विक्रीआधीची सर्व्हिस, ब्रेक पॅड, बॅटरी, नाव बदलण्याची धावपळ हेही कधीकधी त्याच किमतीत असतं. मालकाकडून घेतलं की ही कामं तुमच्या अंगावर येतात. त्यामुळे दोन जाहिरातींतले आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. दोन्हीकडे गाडीची किंमत, नोंदणी बदलण्याचा खर्च, विमा आणि पहिल्या वर्षात बदलावेच लागतील असे भाग यांची बेरीज करा आणि मग तुलना करा.

विम्यात हमखास चूक होते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत बहुतेक ठिकाणी माणसाची असते, गाडीची नाही. मालक भरतो तेवढाच हप्ता आपल्याला बसेल असं धरू नका. सौद्याआधी स्वतःच्या नावाने कोटेशन काढा.

डीलरकडे वेगळी गंमत असते. ठरलेल्या किमतीखाली प्रोसेसिंग फी, हाताळणी शुल्क, पेंट कोटिंग, वाढीव वॉरंटी, कर्जाबरोबरचा विमा अशा ओळी वाढत जातात. सरकारी शुल्क आणि कर टळत नाहीत. बाकीच्या प्रत्येक ओळीवर घासाघीस करता येते. ‘गाडी हातात पडेपर्यंत एकूण किती’ हा आकडा लेखी मागा. कर्ज त्यांच्यामार्फत घेत असाल तर महिन्याच्या हप्त्याऐवजी एकूण परतफेड विचारा. मुदत लांबवली की हप्ता हवा तेवढा छोटा दाखवता येतो.

‘समोर मालक आहे, मग फसवणूक कशी होईल?’

समोर मालकच आहे हे कशावरून? खासगी जाहिरातीमागे पुष्कळदा छोटा व्यापारी असतो. फोन केल्यावर मॉडेलचं नाव घेऊ नका, ‘गाडीबद्दल विचारायचं होतं’ एवढंच म्हणा. ‘कोणती गाडी?’ असं उत्तर आलं तर त्याच्याकडे विकायला एकापेक्षा जास्त गाड्या आहेत. तोच नंबर इतर जाहिरातींत दिसतो का, नोंदणीवरचं नाव ओळखपत्राशी जुळतं का, तेही पाहा. ‘मित्राची आहे, मी फक्त दाखवतोय’ असं ऐकू आलं तर त्या मित्राला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण विकणारा कोण यावर पुढचे हक्क ठरतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखाली व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी ३० दिवसांच्या आत नाकारता येते. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीला ही सोय नाही. अमेरिकेत गाडी वॉरंटीसह विकतोय की ‘आहे तशी’, हे सांगणारा कागद डीलरला गाडीवर लावावा लागतो. मालक बनून आलेला व्यापारी नेमकी हीच जबाबदारी टाळतो: नफा तो घेतो आणि जोखीम तुमच्याकडे येते.

उलट, शोरूममध्ये उभी असलेली प्रत्येक गाडी डीलरचीच असते असंही नाही. काही गाड्या मालकाच्या वतीने कमिशनवर विकल्या जातात. विक्रेता म्हणून करारावर कोणाचं नाव येणार, हे टोकन देण्याआधी विचारा. लिलावातली गाडी सहसा ‘आहे तशी’ मिळते, बोलीवर खरेदीदाराचं शुल्क चढतं आणि चालवून बघायला क्वचितच मिळते. नवख्याने तिकडे न गेलेलं बरं.

‘किलोमीटर कमी, म्हणजे खर्च नाही’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. रबर उभ्या गाडीचंही म्हातारं होतं. टायमिंग बेल्टला (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा इंजिनातला रबरी पट्टा) कंपन्या सहसा किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा देतात. जी आधी येईल ती लागू. कमी चाललेल्या जुन्या गाडीत किलोमीटरची मर्यादा लांब असूनही वर्षांची उलटून गेलेली असू शकते. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि काम हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यापर्यंत जातं. बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही बदलतात, कारण खोलण्याची मजुरी एकदाच पडते. ‘बेल्ट झालाय’ या शब्दावर जाऊ नका, बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदलायचा आहे असं धरूनच भाव करा.

टायरवर खोबण भरपूर असली तरी बाजूचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर खर्चाच्या यादीत टाका. ब्रेक ऑइल ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर ब्रेक मऊ पडतात. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. बारा व्होल्टची बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत कमी किलोमीटर हा गुण नसून धोका असू शकतो. फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट बराच वेळ ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही आणि फिल्टर तुंबतो. तिच्या दुप्पट चाललेली, पण महामार्गावर धावलेली आणि सगळी बिलं असलेली गाडी आम्ही आधी बघू.

शिवाय मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिस बिलांवरचे आकडे तारखेनुसार लावून पाहा. पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड यांची झीज त्या आकड्याला साजेशी हवी. कमी चाललेल्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत नवं असेल तर ते का बदललं, हे विचाराच.

‘मालक खरं सांगतो’

सांगतही असेल, पण त्याला ठाऊक असेल तेवढंच. तुम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका असं आधी कळवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. तापलेल्या इंजिनात चेनची खडखड आणि सुरुवातीचा निळा धूर लपून जातो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण) ‘कोड नाहीत’ एवढं पाहून थांबू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल. असं असेल तर काही दिवस चालवल्यावर पुन्हा स्कॅन करू द्या म्हणा.

गाडीवर कर्ज बाकी असेल तर पैसे थेट कर्ज देणाऱ्याकडे भरा आणि बोजा उतरल्याचा कागद घ्या.

‘वॉरंटी नुसती दाखवायला’

हा मुद्दा अर्धा खरा आहे. क्लच, ब्रेक, बॅटरी, बुश हे झिजणारे भाग बहुतेक वॉरंटींमध्ये नसतात, आणि जुन्या गाडीत आधी तेच जातात. पण गिअरबॉक्स किंवा टर्बोसाठी तीच वॉरंटी कामाची ठरते. प्रत्येक दाव्याची कमाल रक्कम किती, दोष शोधण्याची मजुरी कोण भरणार आणि सर्व्हिस कुठे करावी लागणार, हे सही करण्याआधी वाचा. बिघाड झाला की वॉरंटी देणाऱ्याची लेखी मंजुरी येईपर्यंत गॅरेजला काही उघडू देऊ नका. आधी खोललेल्या कामाचा दावा फेटाळला जाऊ शकतो.