आधी खड्डे बुजवा, मग बोला

डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरी म्हणाले होते की चालकाविना धावणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील. ती क्लिप आमच्या घरच्या ग्रुपवर अजून फिरते. दर वेळी काका खाली लिहितात, "आपल्याकडे हे चालायचं नाही. आधी खड्डे बुजवा." मग कुणीतरी मला टॅग करतं, कारण जर्मनीत माझा विषयच ऑटोनॉमस सिस्टिम्स, म्हणजे स्वतःहून निर्णय घेणारी यंत्रं, हा आहे.

नोकऱ्यांच्या मुद्द्याला माझी हरकत नाही. (जर्मनीत बसला चालक मिळेनात, त्यामुळे इथे बसून बोलणं सोपं आहे.) चीड येते ती ऑटोनॉमस सिस्टिम्स म्हणजे फक्त कार, असं गृहीत धरण्याची. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा याच ग्रुपवर पेढे वाटले गेले. त्या शेवटच्या मिनिटांत पृथ्वीवरून त्याला कुणी हाकत नव्हतं. वेग, उंची, खालची जमीन, सगळं त्याचं तोच बघत होता. खड्ड्यांसकट, काका!

आम्ही शिकतो ते हेच. सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा, खात्री नसेल तेव्हा यंत्राने काय करायचं. कालमन फिल्टर (सेन्सरच्या चुकतमाकत येणाऱ्या आकड्यांवरून खरी स्थिती ताडायचं गणित) डोक्यात शिरेपर्यंत मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर संपतं. आणि इथे निदान कायदा तरी आहे: २०२१ पासून लेव्हल फोरची, म्हणजे आत चालक नसला तरी चालणारी, गाडी ठरलेल्या हद्दीत रस्त्यावर आणता येते, पण तिच्या देखरेखीला माणूस नेमावाच लागतो. हे मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहितो.

जे लिहीत नाही ते असं. ज्या सिटीस्केप्स डेटासेटवर (यंत्राला रस्ता ओळखायला शिकवणाऱ्या फोटोंच्या संग्रहावर) माझा हात बसला, त्यातली ५० शहरं बहुतेक जर्मन. फोटोतल्या वस्तूंना जे वर्ग दिलेत, त्यात रिक्षा हा वर्गच नाही. आमच्या मॉडेलला रिक्षाचा फोटो दाखवला, तर त्याने पुढचा भाग मोटारसायकल ठरवला आणि मागचा कार. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने मात्र आपल्या रस्त्यांचा इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट केला: १०,००० चित्रं, ३४ वर्ग, त्यात रिक्षा, जनावरं, अगदी डांबराच्या कडेची गाडी जाऊ शकेल अशी मातीसुद्धा. ते काम तिथे राहिलेल्यांनी केलं. इथल्या लॅबमध्ये भारतीय ट्रॅफिकचा जाणकार म्हणून मिरवतो मी.

आयआयटी हैदराबादमध्ये आता स्वयंचलित वाहनांची चाचणी घ्यायला स्वतंत्र ट्रॅक आहे. तिथल्या जागांच्या जाहिराती मी वाचतो, सेव्ह करतो. अर्ज केलेला नाही. आईने विचारलं की "पीएचडी होऊ दे" म्हणतो. प्रबंध कधीच सादर झालाय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.