मांजराच्या दातांचा एक्स-रे ही लूट नाही

मांजरं पाळणाऱ्या आणि खाऊ घालणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या माहीमच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला. त्यात म्हटलंय: ‘दातांचा एक्स-रे म्हणजे डॉक्टरांनी पैसे उकळायचा धंदा. तोंड उघडून बघितलं की सगळं कळतं. मांजर खातंय ना, मग दुखत नाही. रेडिएशन आणि भूल जिवावर बेततात, त्यापेक्षा भूल न देता दात साफ करून घ्या.’ हे वाचून कुणी उपचार टाळले तर हाल मुक्या जिवाचे होतात, म्हणून लिहितेय.

तोंड उघडून सगळं कळत नाही. मोठ्या मांजराला 30 दात असतात आणि प्रत्येकाचं मूळ हिरडीखाली, हाडात असतं. मांजरांमध्ये एक आजार फार आढळतो: शरीरातल्याच पेशी दात कुरतडत जातात आणि दात विरघळू लागतो. ही आपल्यासारखी कीड नव्हे. वरून फार तर हिरडीलगत एक लालसर ठिपका दिसतो, कधी तोही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी 1998 साली मांजरांच्या सगळ्या दातांचे एक्स-रे काढून पाहिले. वरून धडधाकट वाटलेल्या दातांतही सुमारे 40 टक्के मांजरांत दखल घ्यावी असं काहीतरी निघालं.

शिवाय उपचार काय करायचे हेही एक्स-रेवरच ठरतं. मूळ शाबूत असेल तर दात मुळासकट काढावा लागतो. मूळ विरघळून हाडाशी एकजीव झालं असेल तर वरचा भाग कापून हिरडी शिवता येते. न बघता हात घातला तर मुळाचा तुकडा आत राहून ठसठसत राहतो, किंवा नसलेलं मूळ शोधताना नाजूक जबड्याला इजा होते.

‘खातंय म्हणजे दुखत नाही’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण मीही तेच समजत होते. आमचा बाळ्या बांगडा शेवटपर्यंत संपवायचा. फक्त मान एका बाजूला कलती करून चावायचा आणि मधेच तुकडा तोंडातून पडायचा. मला वाटायचं, लाडावलाय. भूल दिलेली असतानाही खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या दाढेला डॉक्टरांचं अवजार लागलं, तसा त्याचा जबडा थरथरला. एक्स-रेत ती दाढ वाळवी लागलेल्या लाकडासारखी दिसत होती. किती महिने तो हे सोसत होता कोण जाणे. मांजर दुखणं लपवतं आणि भुकेपोटी दुखऱ्या दातानेही खातं.

रेडिएशनचं म्हणाल तर तोंडात ठेवायच्या छोट्या डिजिटल सेन्सरला फारच कमी मात्रा पुरते.

भुलीची भीती मात्र खोटी नाही. धोका असतोच, म्हणून आधी रक्त तपासतात, श्वासनलिकेत नळी घालतात, ठोके आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात. पण दात नीट साफ करायलाही भूल लागतेच, एक्स-रे त्यातच उरकतात. भूल न देता वरवरचा थर खरवडला की दात पांढरे दिसतात, हिरडीखालचा आजार तसाच राहतो. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी ही पद्धत साफ नाकारली आहे.

पैशांचं खरंय, खर्च येतो आणि तो सगळ्यांना झेपत नाही. म्हणूनच आधी नीट विचारा: दातांचं वेगळं एक्स-रे मशीन आहे का? सगळ्या दवाखान्यांत ते नसतं, आणि अंगाच्या साध्या एक्स-रेत दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर येऊन काही धड दिसत नाही. दात काढल्यावर मूळ पूर्ण निघालं का हे बघायला पुन्हा एक फोटो काढतात. तोही दाखवा म्हणून हक्काने सांगा.