म्हणे प्रीमियम पास घ्या आणि रांग विसरा!

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जाणाऱ्या मंडळींच्या चार ग्रुपांवर तो मला आला, त्यातल्या दोन ठिकाणी तर वर "नक्की वाचा" असं लिहून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉनमधल्या रांगांवर खरा उपाय एकच, महागडा पास. पैसे भरणारे वेगळ्या दाराने आत गेले की साध्या रांगेवरचा ताण कमी होतो. ज्याला खरी ओढ आहे तो पैसे मोजतोच, आणि पास घेतला की अनुभवाची हमी. उरलेल्यांना अ‍ॅपवर टोकन द्या. डिस्नेला हे जमलं, अमेरिकेतल्या सॅन दिएगोचे कॉनवाले मात्र अजून लोकांना फूटपाथवर झोपवतात. आणि हे पास नसतील तर साधं तिकीट कोणालाच परवडणार नाही. शेवटी टोमणा आहेच: पासला विरोध करतात ते फुकटे.

मी फुकटा नाही. दोनदा पदरचे पैसे घालून प्रीमियम पास घेतलाय. शिवाय तीन वर्षं मुंबईतल्या एका कॉनमध्ये स्वयंसेवक म्हणून सह्यांच्या रांगेवर उभा राहिलोय, गळ्यात ओळखपत्र आणि हातात दोरी. त्यामुळे पासवाल्यांच्याही शिव्या खाल्ल्यात आणि बिनपासवाल्यांच्याही.

आधी तो ताण कमी होण्याचा मुद्दा घेऊ, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. एक चित्रकार सह्या द्यायला बसलाय. नाव विचारणं, सही, फोटो, "थँक्यू सर" धरून माणशी दोन मिनिटं. म्हणजे तासाला तीस माणसं, आणि तो तीन तास बसणार असेल तर नव्वद. तुम्ही रांगेत विसावे आहात. पास नावाची भानगड नसेल तर चाळीस मिनिटांच्या आत तुमचा नंबर लागतो. आता समजा, आयोजकांनी साठ प्रीमियम पास विकले आणि तुमच्या मागचे साठ जण ते घेऊन पुढे गेले. तुमच्यापुढे एकदम दोन तास वाढले. चाळिसावा जो होता, त्याचा तर नंबरच लागणार नाही. पास विकले म्हणून चित्रकाराचा हात काही जास्त वेगाने चालत नाही.

हे माझं घरगुती गणित नाही. टेलिफोनच्या लाइनींवर किती कॉल ताटकळतील हे कोपनहेगनच्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये मांडलं, तेव्हापासून रांगांचं रीतसर शास्त्र आहे. त्यात लेनर्ड क्लाइनरॉक यांचा १९६५ चा एक नियम आहे. शाळेत आपण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलो, तसाच हा ताटकळण्याच्या अक्षय्यतेचा. सेवा देणारा मधे रिकामा बसत नसेल, आणि कोणाला आधी घ्यायचं हे त्याच्या कामाला किती वेळ लागेल यावर ठरत नसेल, तर प्राधान्य कसंही वाटा, सगळ्यांच्या ताटकळण्याची गोळाबेरीज तेवढीच राहते. एकाची वीस मिनिटं वाचली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर चढतात. लालबागला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग पाहत वाढलेल्या माणसाला हे समजवायला क्लाइनरॉक लागू नये. मधल्या दाराने कोणी आत गेलं की बाहेरची रांग तेवढा वेळ थिजते. ते आपल्याला पायांना कळतं.

यावर हुशार माणूस म्हणेल, एकूण मिनिटं तेवढीच राहिली तरी ज्याचा वेळ महाग आहे त्याची वाचली, म्हणजे एकूण त्रास कमीच झाला ना? त्या मजकुरात हा मुद्दा नाही, पण पासच्या बाजूने तोच सगळ्यात वजनदार आहे म्हणून मीच मांडतो. विमानतळावर तो मला पटतो. कॉनमध्ये येणारा अर्धा जमाव कॉलेजचा असतो, आणि तिथे पास घेण्याची ऐपत वेळेची किंमत मोजत नाही, बाबांचा पगार मोजते. बदलापूरहून पहिल्या लोकलने आलेली एक नववीतली मुलगी मला आठवते. अंगावर पुठ्ठ्याचं चिलखत, रात्रभर जागून रंगवलेलं, आणि घामाने त्याची काखेतली चिकटपट्टी सुटत होती. तिला त्या चित्रकाराच्या पहिल्या अंकापासूनची पात्रं पाठ होती. तिच्या पुढे जे चौघे पास दाखवून गेले, त्यांतल्या एकाने चित्रकाराबद्दल मला विचारलं, "हे कोण आहेत?" ओढ पैशात मोजता येते म्हणणाऱ्याला मी त्या दिवशी दोरी धरायला उभं केलं असतं.

रांग तरी न्याय्य असते का? नसते, हे मान्य करतो. रात्रभर उभं राहणं तरुणाला जमतं, कडेवर मूल असलेल्याला नाही, कुबडी घेतलेल्याला नाही, रविवारीही ड्युटी असलेल्याला नाही. म्हणून "पास नको, रांगच बरी" असं मी म्हणत नाहीये.

आता सॅन दिएगो. तिथल्या कॉमिक कॉनची टिंगल करणं सोपं आहे. १९७० च्या ऑगस्टमध्ये तीनेकशे माणसांनी सुरू झालेला हा मेळावा आता एक लाख तीस हजारांवर गेलाय. तो ना-नफा संस्था चालवते, आणि इतकी मागणी असूनही ती रांग ओलांडून नेणारा महागडा पास विकत नाही. बॅज, म्हणजे प्रवेशिका, तुमच्या नावाचा असतो, दुसऱ्याला देता येत नाही. तो ऑनलाइन घेतानाही आधी कोण आलं ते बघत नाहीत, प्रतीक्षाकक्षातून कोणालाही उचलून आत घेतात. सगळ्यात मोठं सभागृह म्हणजे 'हॉल एच'. तिथे सुमारे साडेसहा हजार खुर्च्या. एक लाख तीस हजारांना साडेसहा हजारांनी भागा. एका वेळी वीस माणसांत एक खुर्ची. महागडा पास विकला तर त्या वीसांसाठी दुसरी खुर्ची कुठून येणार?

लोक फूटपाथवर झोपतात हे खरं, पण कारण वेगळं आहे. तिथे दोन कार्यक्रमांच्या मधे सभागृह रिकामं करत नाहीत. संध्याकाळच्या पाचच्या कार्यक्रमासाठी आलेला सकाळी दहालाच आत बसतो आणि नको असलेले चार कार्यक्रम पाहत खुर्ची राखतो. सकाळचीच खुर्ची संध्याकाळची असल्यामुळे सगळी मारामारी सकाळच्या दारावर, म्हणजे आदल्या रात्रीवर येते. २०१४ पासून ते आदल्या संध्याकाळी मनगटाला बांधायचे रंगीत पट्टे देऊ लागले: आत जाण्याइतकेच पट्टे, रंगावरून कळतं आपण पहिल्या तुकडीत की शेवटच्या. रांग याने नाहीशी झाली नाही, ती पट्ट्यासाठी दुपारपासून लागू लागली. पण पट्टे संपले की संपले, पुढच्याला रात्रीच कळतं की उद्या इथे आशा नाही. न्यूयॉर्कच्या कॉनने मुख्य सभागृह दर कार्यक्रमानंतर रिकामं करायची पद्धत घेतली. त्यात वेळ जातो, पण खुर्ची अडवून बसणं संपतं. दोन्हींत पैशाचा संबंध नाही.

स्टार वॉर्स सेलिब्रेशनची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. महागडी व्हीआयपी पॅकेजं विकणारा हा स्टार वॉर्स सिनेमांच्या चाहत्यांचा मेळावा. २०१७ मध्ये ऑर्लँडोला मोठ्या कार्यक्रमांसाठी माणसं रात्रभर जमिनीवर पडून होती. ती पॅकेजं होती म्हणून बाकीच्यांची रात्र काही वाचली नाही. २०१९ मध्ये शिकागोला त्यांनी मोठ्या कार्यक्रमांच्या जागांसाठी सोडत काढली. म्हाडाची काढतात तशी. ज्यांना लागली नाही ते चिडले, हे ओघाने आलंच. पण नाव लागलं नाही हे घरी बसल्या कळणं आणि अकरा तास फरशीवर झोपून दारात कळणं, यात मला पहिलं चालेल.

"पास घेतला की अनुभवाची हमी." यावर डोंबिवलीकरांनी हसून घ्यावं. सकाळी साडेआठच्या फास्ट लोकलचा फर्स्ट क्लास आठवा. तिकीट कितीतरी पट, आणि आत काय? तोच दांडा, तीच काख, फक्त परफ्यूम बरा. कारण फर्स्ट क्लासचे पास किती द्यायचे याला मर्यादा नाही. मी स्वतः दुसऱ्यांदा प्रीमियम पास घेतला तेव्हा नेमकं हेच झालं. पासवाल्यांची रांग साध्या रांगेपेक्षा लांब होती. वरच्या उदाहरणातला साठावा पासवालासुद्धा दोन तासांनीच टेबलाशी पोचतो. त्या 'जलद' पासचे तीन हजार रुपये मला अजून दुखतात. पास जितका खपेल तितका त्याचा उपयोग कमी, आणि खप वाढवण्याचा मोह विकणाऱ्याला. ही विकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायची शिस्त आहे, आणि तो ती किती पाळतो हे ग्राहकाला पास घेण्याआधी कळत नाही.

अ‍ॅपवरच्या टोकनाचं फार बोलायला नको. सकाळी नऊला टोकन सुटणार म्हटलं की नऊ वाजता वीस हजार अंगठे एकाच बटणावर, आणि पत्र्याच्या त्या अजस्र दालनात नेटवर्कच्या नावाने शून्य. रांग फोनात शिरते. बसायला मिळतं हा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. पण टोकन घेऊन मोकळी झालेली माणसं हवेत विरत नाहीत, ती दुसऱ्या स्टॉलच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

आणि डिस्ने? त्यांच्या बागांमधल्या पाळण्यांची लांब रांग टाळायचा 'फास्टपास' १९९९ मध्ये आला तेव्हा तो तिकिटातच होता, वेगळे पैसे नव्हते. २०२१ मध्ये तो गेला आणि त्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. म्हणजे जे आधी सगळ्यांना होतं त्यालाच दर लागला. पाळण्यात तासाला बसणारी माणसं तेवढीच राहिली. कंपनीला ते "जमलं" हे मी मान्य करतो.

राहिला परवडण्याचा मुद्दा, आणि इथे त्या मजकुरात तथ्य आहे. दालनाचं भाडं, परदेशी पाहुण्यांची विमानं, सुरक्षा, विमा यांचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत, आणि हौशी माणूस जास्त देऊन साध्या तिकिटाचा भार उचलत असेल तर माझी हरकत नाही. मर्यादित अंकाची प्रत द्या, बाहुली द्या, बसायला पंख्याखालची खुर्ची द्या. तुमच्या हातात आहेत त्या गोष्टी विका. दुसऱ्याचा नंबर विकू नका, किंवा विकायचाच असेल तर किती विकले ते दारावर लिहा.

किती विकले ते मोजून थांबणारे कोण असतात, तर तोक्योचे कोमिकेतवाले. कोमिकेत म्हणजे डिसेंबर १९७५ मध्ये स्वतःची कॉमिक्स छापून विकणारे बत्तीस गट आणि सातेकशे वाचक घेऊन सुरू झालेला स्वयंसेवकांचा मेळावा. २०१९ च्या हिवाळ्यात चार दिवसांत मिळून साडेसात लाख माणसं तिथे गेली. रात्रीपासून रांग लावायला बंदी. सकाळी आलेल्यांचे चौकोनी ठोकळे करतात आणि एकेक ठोकळा हात वर केलेल्या स्वयंसेवकामागे चालत आत जातो. महासाथीनंतर तिकिटांवर वेळा आल्या. लवकर आत सोडणारं महाग तिकीटही तिथे आहे, आणि हे त्या मजकुराच्या बाजूने जातं असं कुणी म्हणेल. पण ते मोजकं असतं आणि सोडतीने मिळतं.

मला मात्र तिथली एक क्षुल्लक गोष्ट फार आवडते. स्टॉलपुढच्या रांगेत जो शेवटचा, त्याच्या हातात "रांगेचं टोक इथे" अशी पाटी. मागे नवा माणूस आला की पाटी त्याच्या हातात. रांग स्वतःच स्वतःची राखण करते, स्वयंसेवकाचा घसा वाचतो, मधे घुसणाऱ्याला जागा नाही.

गेल्या वर्षी मी ती पाटी उचलली, थोडी बदलून. तिच्यामागे कारण ती बदलापूरची मुलगी होती. दोन तास दहा मिनिटांनी मीच तिच्यापुढे दोरी आडवी धरली होती, वेळ संपली म्हणून. तिचे वडील शांतपणे एवढंच म्हणाले होते, "अहो दादा, हे आधी सांगता आलं नसतं का?" आलं असतं. नव्वदातून साठ वजा करायला कितीसं गणित लागतं?

तर पुठ्ठ्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: "आज एकूण सह्या ९०. पासवाले ६०. साध्या रांगेत ३०. तिसावा माणूस इथे उभा आहे." पाटी तिसाव्याच्या हातात दिली. पंधरा मिनिटांत मागची दीडशे माणसं पांगली, कोणी दुसऱ्या स्टॉलवर गेलं, कोणी जेवायला. एकही भांडण नाही. मग मी उत्साहात तशीच एक पाटी पासवाल्यांच्या रांगेतही दिली, कारण तिथेही साठांच्या मागे बावीस जण उभे होते.

दुपारी दोनला आयोजकांचा माणूस आला आणि त्याने दोन्ही पाट्या काढायला लावल्या. दुसरी पाटी वाचून लोक पास काउंटरवर पैसे परत मागायला जाऊ लागले होते.