गाण्यातलं गाव

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय. कोणीतरी एका कार्यक्रमाची क्लिप टाकली, पोरीने लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं झकास म्हटलंय पण स्क्रीनखालच्या पट्टीवर कवीच्या जागी काय, तर 'पारंपरिक'. दादा भडकला, अरे शेवटच्या कडव्यात 'वामन' आलंय, तेवढं तरी ऐका. काकांचं म्हणणं, गाणं लोकांच्या तोंडी बसलं की ते लोकांचंच, नाव कशाला हवं. मग गाडी माझ्यावर, तू अमेरिकेत असतोस बाबा, तिकडे बरं असेल.

कसलं बरं. मी मेंफिसला राहतो, इथे बील स्ट्रीटवर रोज रात्री टुरिस्टांसाठी ब्लूज, म्हणजे इथल्या काळ्या लोकांचं संगीत, वाजतं आणि ज्यांनी ते उभं केलं त्यातले कितीतरी कफल्लक गेले.

ब्लूज गाणाऱ्या मिसिसिपी जॉन हर्टचंच घ्या, शेतात राबणारा माणूस, गिटारवर अंगठ्याने खालचा ठेका धरून वरच्या तारांवर चाल वाजवायचा, आवाज असा की शेजारी बसून बोलतोय. ओकेह या रेकॉर्ड कंपनीने 1928 साली आधी इथे मेंफिसला आणि मग डिसेंबरात न्यू यॉर्कला बोलावून रेकॉर्डिंग केलं. न्यू यॉर्कमध्ये याचा जीव रमेना (हे मला नीट कळतं, पहिला डिसेंबर मीपण काढलाय) म्हणून त्याने 'ॲव्हलॉन ब्लूज' केलं, त्यात सरळ सांगतो की ॲव्हलॉन माझं गाव, सारखं मनात असतं. रेकॉर्ड खपल्या नाहीत, मंदी आली, गडी परत शेतात. 1963 मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या पोराने ते गाणं ऐकून जुन्या नकाशात ॲव्हलॉन हुडकलं आणि थेट गाडी काढून गेला तर हर्ट तिथेच! त्याच वर्षी त्याने न्यूपोर्टच्या लोकसंगीत फेस्टिव्हलला वाजवलं, मग जेमतेम तीन वर्षं मिळाली, 1966 ला गेला. ॲव्हलॉन इथून दोन तासांवर आहे, मी जाऊन आलोय, गाव म्हणावं असं काही नाहीच, रस्ता आणि शेतं.

काकांचं अर्धं खरंय हं. हर्टचं 'स्टॅक ओ'ली' त्याच्या आधीपासून लोक गातच होते, ब्लूजमधली कडवी जात्यावरच्या ओव्यांसारखी या तोंडातून त्या तोंडात फिरतात, कोणाची म्हणून सांगणार. पण वामनदादांनी कडव्यात सही करून ठेवलीय तरी 'पारंपरिक' लिहायचं हा निव्वळ आळस आहे. आणि त्यात पैसाही असतो. 1966 मध्ये क्रीम या बँडने स्किप जेम्स या जुन्या ब्लूज गायकाचं 'आय ॲम सो ग्लॅड' घेतलं, त्याचं नाव घातलं, म्हणून आजारपणात म्हाताऱ्याच्या हातात रॉयल्टी पडली.

एवढं सगळं टाईप करून पाठवलं. काकांचा रिप्लाय, मग नाव कोणी घालायचं, चॅनलने का पोरीने? म्हटलं पट्टीचं नंतर बघू, पोरीने गायच्या आधी माईकवर सांगावं, दोन सेकंद लागतात.